चुलीवरचे खापर : जोर्वे संस्कृतीतील स्वयंपाकाची मृद्भांडी

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासपूर्व काळावरील कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तरी ताम्रपाषाणयुगाच्या प्रकरणात एक चित्र हमखास आढळते. तांबूस-केशरी अंगाचे, रुंद तोंडाच्या तोटीचे एक भांडे आणि त्याच्या खांद्यावर काळ्या रंगात रेखाटलेल्या समांतर रेषा, त्रिकोण व चौकटी. हेच ते प्रसिद्ध जोर्वे भांडे होय. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी वसलेल्या जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि तेथे मिळालेल्या या रंगीत मृद्भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला नाव प्राप्त झाले. पुढे नेवासे, चांडोली, दायमाबाद, इनामगाव अशा अनेक स्थळी ही भांडी सापडत गेली. कोकणची किनारपट्टी व पूर्वेकडील विदर्भाचा भाग वगळता जवळजवळ सर्व महाराष्ट्रात ही संस्कृती नांदत होती, हे आता सर्वमान्य आहे. तिचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. १४०० ते ७०० असा मानला जातो.

या नामकरणात एक गोष्ट सहज नजरेआड होते. संस्कृतीला नाव मिळाले ते वाढण्याच्या भांड्यावरून. शिजवण्याचे भांडे त्या नावात नाही, पाठ्यपुस्तकातील चित्रातही नाही आणि वस्तुसंग्रहालयाच्या काचेच्या कपाटात असलेच तर मागच्या रांगेत आहे. वास्तविक तोटीच्या भांड्यातून जे ओतले गेले व वाडग्यात जे वाढले गेले, ते आधी कशात तरी रांधले गेले होते. ते रांधण्याचे भांडे जाडेभरडे, बहुधा हाताने घडवलेले, राखाडी वा मळकट तांबड्या रंगाचे होते. दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांच्या आहाराचा, त्यांच्या आप्तसंबंधांचा आणि त्यांच्या उपासमारीचा पुरावा रंगीत भांड्यापेक्षा या बेढब खापरात अधिक साठलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विवेचनात मेसोपोटेमियाचा आधार घेतला आहे, तो तेथून काही येथे आले हे दाखवण्यासाठी नव्हे. त्या प्रदेशात भांड्याबरोबर लेखनही उपलब्ध आहे आणि साध्या भांड्याकडे कसे पाहावे याचा वस्तुपाठ तेथे मिळतो, एवढ्यासाठीच ही तुलना.

ताटातली माती आणि चुलीवरची माती

जोर्वे रंगीत भांडी चाकावर घडवलेली, बारीक मळलेल्या मातीची व भट्टीत उत्तम भाजलेली असत. त्यांवर टिचकी मारली असता धातूसारखा खणखणीत आवाज येतो, ही बाब जवळजवळ प्रत्येक उत्खनन-अहवालात कौतुकाने नोंदवलेली आढळते. हे कौतुक रास्त आहे. मात्र जे भांडे इतके घट्ट व एकजीव भाजले गेले आहे, ते जळत्या चुलीवर ठेवण्यास योग्य नसते. अचानक उष्णता लागली की तळाची बाजू प्रसरण पावते, वरची पावत नाही आणि भांडे तडकते. बारीक पोताच्या मातीत एकदा उमटलेली तड अडवणारे काहीच नसल्यामुळे ती काठापर्यंत धावत जाते.

चुलीवरच्या भांड्याला म्हणूनच वेगळी माती लागते. तीत जाड रेती, भुसा, शेण किंवा राख मिसळावी लागते. भुसा व शेण भाजताना जळून जातात आणि मातीत सूक्ष्म पोकळ्या राहतात. रेतीचे कण व या पोकळ्या तडीला मध्येच अडवतात. दख्खनमध्ये तर ही गरज अधिकच, कारण येथील काळी माती पाण्याने फुगते व वाळताना भेगाळते. काही मिसळल्याशिवाय ती कुंभाराच्या हाती लागत नाही. भांड्याचा तळ गोल असावा लागतो, कारण कोन आला की तेथे ताण साठतो. तळ गोल असला की तीन दगडांवर भांडे आपोआप स्थिरावते आणि जाळ त्याला सर्व बाजूंनी वेढतो. तोंड थोडे आवळलेले असले की वाफ कोंडते व सरपण वाचते. ज्याला आपण ओबडधोबड म्हणतो त्या भांड्यातील प्रत्येक ओबडपणाला अशी कारणे आहेत. जोर्वे काळातील कुंभाराला उत्तम चाक व उत्तम भट्टी ही दोन्ही अवगत होती, इनामगावला तर भांडी भाजण्याची भट्टीच उघडकीस आली आहे. तरीही त्याने अथवा तिने चुलीवरचे भांडे जाडेभरडे ठेवले. ही अकुशलता नव्हे, जाणीवपूर्वक केलेली निवड होय.

सच्छिद्र भांड्याचा एक दोष म्हणजे ते पाझरते. त्यावरील उपाय आजही ग्रामीण स्वयंपाकघरात ठाऊक आहे. नवे मडके प्रथम पेज शिजवून किंवा तेल मुरवून वापरात घेतले जाते. पिठूळ पाणी व स्निग्ध अंश छिद्रांत शिरून बसतात आणि भांडे मुरते. गृहिणीच्या दृष्टीने ही भांड्याची तयारी, तर पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने ही अन्नाची नोंद होय. छिद्रांत शोषला गेलेला स्निग्धांश मातीच्या आवरणाखाली हजारो वर्षे टिकू शकतो व आधुनिक रसायनशास्त्राला तो वाचता येतो. घट्ट भाजलेल्या, खणखणीत वाजणाऱ्या भांड्यात अशी नोंद अभावानेच राहते. ज्या गुणामुळे रंगीत भांडे प्रशंसनीय ठरले, त्याच गुणामुळे अन्नाच्या इतिहासाबाबत ते मुके आहे.

मेसोपोटेमियातील साक्ष

युफ्रेटिस व टायग्रिस या नद्यांच्या दुआबात इ. स. पू. चौथ्या सहस्रकात, उरुक नगराच्या भरभराटीच्या काळात, एक विलक्षण कुरूप वाडगे लाखोंच्या संख्येने तयार झाले. त्याचा काठ तिरपा कापलेला असतो, अंग खरबरीत असते आणि साच्यात दाबून ते घडवलेले असते. सौंदर्यदृष्ट्या त्याची किंमत शून्य. पण त्या युगाच्या समाजरचनेवर जेवढी चर्चा या वाडग्याने घडवली, तेवढी कोणत्याही रंगीत भांड्याने घडवलेली नाही. हान्स निस्सेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते मजुरांना धान्याचा शिधा मोजून देण्याचे माप असल्याचे मांडले. इतरांनी ते पाव भाजण्याचा साचा असावा असा पक्ष घेतला. आद्य कीलाकार लिपीत भाकरी वा अन्न या अर्थाचे चिन्ह अशाच वाडग्यासारखे दिसते आणि त्या चिन्हाला माणसाचे मस्तक जोडले की ‘खाणे’ असा अर्थ होतो. वाद मिटलेला नाही. परंतु माप की साचा, या प्रश्नावर राज्यसंस्था, मजुरी व भूक यांचा विचार अवलंबून आहे, हे तेथील विद्वानांनी ओळखले. दख्खनच्या जाड्याभरड्या खापराला अशा वादाचे भाग्य लाभलेले नाही.

त्यानंतरच्या काळातील दुसरी साक्ष लेखी आहे. येल विद्यापीठाच्या बॅबिलोनियन संग्रहात इ. स. पू. १७०० च्या सुमाराच्या तीन मृत्तिकापाट्या असून त्यांवर पाककृती कोरलेल्या आहेत. फ्रेंच विद्वान झाँ बोतेरो यांनी त्यांचे वाचन करून १९९५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका पाटीवर पंचवीस पाककृती आहेत. त्यांतील एकवीस मांसाच्या व चार भाज्यांच्या असून बहुतेक सर्व पाण्यात शिजवण्याच्या आहेत. पाणी, चरबी, कांद्याच्या जातीच्या भाज्या आणि लसूण यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. बोतेरो यांच्या विवेचनानुसार या पाट्यांत मातीच्या हंडीला एक शब्द आहे व धातूच्या कढईसारख्या पात्राला दुसरा. कोणती क्रिया कशात करावी हे आचाऱ्याला ठाऊक होते आणि लेखनिकाने ते टिपले. तंदूर हा आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर रुळलेला शब्द अक्कडी भाषेतील भट्टीवाचक ‘तिनूरू’ या शब्दाशी अरबी-फार्सी मार्गाने जोडला जातो, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. भांडी फुटतात, राज्ये बुडतात, पण चुलीचा शब्द चार हजार वर्षे चालत येतो.

हा काळ दख्खनमध्ये माळवा संस्कृतीच्या आगमनाचा म्हणजे इ. स. पू. १६०० च्या आसपासचा आहे. दोन्हीकडे शेतकरी समाज होते, दोन्हीकडे सातू हे मुख्य धान्य होते. तिकडे मंदिर व राजवाडा यांच्या हिशेबासाठी लेखन होते, येथे लेखन नव्हते. तेव्हा आपल्याला जी पाककृती वाचावयाची आहे ती खापराच्या आतील पृष्ठभागावरच लिहिलेली आहे.

घारापुरीच्या किनाऱ्यावरील कुंभ

खापराच्या आतील बाजूचे महत्त्व पटवणारे एक उदाहरण नवी मुंबईच्या अगदी समोर आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्याचे नाही आणि काळानेही पुष्कळ नंतरचे आहे, तथापि पद्धतीच्या दृष्टीने बोलके आहे. उरण तालुक्यातील घारापुरी बेट लेण्यांमुळे जगप्रसिद्ध असले, तरी त्याच्या किनाऱ्यावर परदेशी कुंभांची खापरे विखुरलेली आढळतात. अशा खापरांना पश्चिम भारतात दीर्घकाळ सरसकट रोमन मद्यकुंभ समजले जात असे. रोमशी असलेल्या व्यापाराची कल्पना विद्वानांच्या मनात इतकी रुजली होती की दुसरा विचार फारसा झालाच नाही. रोबर्टा टोम्बर या संशोधिकेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा खापरांची फेरतपासणी मांडली. त्यांतील अनेक खापरांच्या आतील बाजूस डांबराचा काळा लेप होता. मुठी नसलेले, लांबट व खाली निमुळते होत गेलेले हे कुंभ रोमन नसून मेसोपोटेमिया व इराणी आखाताच्या परिसरातील, सासानी व आरंभीच्या इस्लामी काळातील होते. त्यांच्या आकारामुळे त्यांना पाणसुरुंगाच्या नावाने, ‘टॉर्पेडो जार’ म्हणून ओळखले जाते.

एका लेपाकडे लक्ष गेले आणि पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराचा नकाशा काही शतकांपुरता रोमकडून आखाताकडे वळला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे सुरू झालेल्या बंदरातून आज जे कंटेनर ये-जा करतात, त्यांचे हे मातीचे पूर्वज त्याच खाडीच्या तोंडाशी पडलेले आहेत. चित्रविहीन, अलंकारविहीन खापर इतिहास कसा बदलू शकते, याचा पुरावा शोधण्यासाठी नवी मुंबईच्या अभ्यासकाला दूर जावे लागत नाही.

इनामगावच्या चुलीवर काय शिजले?

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात तेथे झालेले उत्खनन हे भारतीय पुरातत्त्वातील सर्वांत विस्तृत व काटेकोर उत्खननांपैकी एक होय. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकळिया व झै. दा. अन्सारी यांनी त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. माळवा, पूर्व-जोर्वे व उत्तर-जोर्वे असे वसाहतीचे तीन कालखंड तेथे ओळखले गेले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघड झाले. घरांतून चुली आहेत, आत-बाहेर विस्तवाचे खळगे आहेत, धान्य साठवण्याच्या कणग्यांच्या जागा आहेत, दळण्याचे दगड आहेत.

एम. डी. काजळे यांनी केलेल्या वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासातून सातू, गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख अशी धान्ये पुढे आली. त्यांत सातूचे प्राधान्य आहे. भाताचे प्रमाण अल्प आहे. ज्वारी-नाचणीच्या प्राचीनतेविषयी मतभेद असल्यामुळे त्यांवर येथे भर दिलेला नाही. पी. के. थॉमस प्रभृतींनी तपासलेल्या हाडांवरून गाय-बैल, शेळी-मेंढी यांबरोबर हरणासारखे वन्य प्राणी व मासे आहारात असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे सामग्रीची यादी उपलब्ध आहे. परंतु सामग्रीची यादी म्हणजे स्वयंपाक नव्हे. घरात गहू होता म्हणून पोळी होत असे, असे अनुमान करता येत नाही.

येथे दळण्याच्या दगडाचा विचार आवश्यक ठरतो. जोर्वे काळातील दळणाचा दगड मधोमध खोलगट असून त्यावर दुसरा दगड पुढेमागे रगडला जाई, पाटा-वरवंट्याच्या जातीचा. आपल्या परिचयाचे फिरते जाते महाराष्ट्रात सातवाहनकाळाच्या सुमारास प्रचारात आले. रगडून निघणारे पीठ जाडसर असते व वेळखाऊ असते. रोजच्या घरखर्चाला त्यातून भरडा व कण्या निघणे अधिक स्वाभाविक आहे. शिवाय सातूच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई नसते, त्याची पातळ पोळी लाटता येत नाही. जोर्वे मृद्भांड्यांच्या सुपरिचित आकारांत कोनदार खांद्याचे वाडगे, तोटीची भांडी, उंच गळ्याचे गोल कुंभ यांना जे स्थान आहे ते सपाट तव्याला नाही. या सर्व गोष्टी एकत्र ठेवल्या असता हे स्वयंपाकघर मुख्यतः भाजण्याचे नसून शिजवण्याचे होते, घाटा, पेज, आंबील, कढण यांचे होते, असे मानणे सयुक्तिक वाटते. संस्कृत वाङ्मयातील यवागू म्हणजे मूळची सातूची पेज. ती कोणा एका वैदिक यज्ञशाळेत निर्माण झाली असे समजण्याचे कारण नाही. प्रवरा-घोडेच्या काठच्या मडक्यांत ती रोज खदखदत असणार. तोटीचे भांडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्या घरात पातळ अन्न मुख्य, त्या घरात ओतण्याची सोय महत्त्वाची.

मात्र तव्याच्या अभावावरून भाजलेल्या भाकरीचा सर्वस्वी अभाव सिद्ध होत नाही. खानदेशात मांडे आजही पालथ्या खापरावर भाजले जातात. खाली जाळ, वर पालथे घातलेले मातीचे पात्र व त्याच्या पाठीवर पसरलेला हातभर मांडा, हे दृश्य त्या भागातील लग्नकार्यात परिचित आहे. असे पात्र उत्खननात सापडले तर कोणीही त्याची नोंद हंडी अशीच करील. फरक एवढाच राहील की हंडीला काजळी बाहेरून धरते आणि पालथ्या खापराला आतून. भांड्याचा आकार त्याचे नाव सांगतो, काजळी त्याचे काम सांगते. काजळीची जागा व व्याप्ती नोंदवल्याशिवाय दख्खनच्या ताम्रपाषाणयुगात तवा होता किंवा नव्हता, हे दोन्ही पक्ष अपुरेच राहतात.

लाखेच्या डाळीबाबतही भांडे निर्णायक आहे. दुष्काळात तग धरणारे हे पीक गरिबाचा आधार खरे, पण सातत्याने व भरपूर खाल्ल्यास पाय लुळे पडतात, हे भारतीय खेड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भिजवणे, भरपूर पाण्यात उकळणे व ते पाणी टाकून देणे यांमुळे तिचा विषारी अंश घटतो. म्हणजे मोठे, जाळ सोसणारे मडके नसेल तर हे पीक खाण्याजोगे होत नाही. अन्नाची सुरक्षितता येथे शेतात नव्हे, चुलीवर ठरते.

अशा प्रश्नांची उत्तरे आता केवळ तर्कावर सोपवण्याचे कारण उरलेले नाही. हरियाणातील फर्माणा या हडप्पाकालीन स्थळी अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांनी भांड्यांवरील व दातांवरील पिष्टकणांच्या आधारे हळद व आले यांचा वापर दाखवून दिला. कच्छमधील कोटडा भाडली येथील खापरांत शोषलेल्या स्निग्धांशावरून दुग्धपदार्थांवर प्रक्रिया होत असल्याचे कल्याणशेखर चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडले. वायव्य भारतातील सिंधू संस्कृतीच्या भांड्यांवर अक्षयेता सूर्यनारायण व सहकाऱ्यांचा असाच अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या तिन्ही ठिकाणी साक्षीदार एकच आहे, ते म्हणजे वापरातले साधे भांडे.

स्वयंपाकघराची दिशा

मृद्भांड्यांवरून लोकांच्या स्थलांतराचा माग काढण्याची परंपरा जुनी आहे. नर्मदाकाठच्या नावडातोली येथे मिळालेल्या पन्हळी तोटीच्या वाडग्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य पाहून सांकळियांनी पश्चिम आशियाई संबंधांची शक्यता हिरिरीने मांडली होती. त्यामागे आर्यांच्या आगमनाचा प्रश्न होता. त्या मांडणीचे धाडस मोठे होते व तिने पुढील संशोधनाला चालना दिली, हे निर्विवाद. तथापि एक मूलभूत प्रश्न राहतो. माणसांच्या स्थलांतराचा शोध घेताना पाहुण्यांसमोर मांडावयाचे भांडे प्रमाण मानावे की चुलीवरचे?

वाढण्याचे भांडे प्रतिष्ठेचे असते. त्याची नक्कल होते, ते भेट दिले जाते, बाजारातून आणले जाते. ताटवाटीची फॅशन परमुलखातून येऊ शकते आणि तिच्याबरोबर एकही कुटुंब यावे लागत नाही. चुलीवरचे भांडे मात्र हाताच्या सवयीला बांधलेले असते. माती किती मळावी, काठ किती वळवावा, किती वेळ जाळ द्यावा, हे आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे जाते. म्हणून ते हळू बदलते.

या कसोटीवर जोर्वे संस्कृतीचे चित्र निराळे दिसू लागते. तिच्या रंगीत भांड्यांचा वारसा उत्तरेकडे, माळवा संस्कृतीकडे जातो. पण तिच्या हातघडणीच्या राखाडी भांड्यांचे साम्य अभ्यासकांनी दक्षिणेकडे, कर्नाटकातील ब्रह्मगिरीसारख्या नवाश्मयुगीन स्थळांच्या राखाडी भांड्यांशी नोंदवले आहे. मृत बालकाला कुंभात पुरण्याची चालही त्याच दक्षिणी परंपरेशी निगडित मानली जाते. ताट उत्तरेचे आणि चूल दक्षिणेची, असे याचे थोडक्यात वर्णन करता येईल. पूर्वजांच्या शोधात सतत वायव्येकडे पाहणाऱ्या इतिहासलेखनाने भीमा-कृष्णेच्या दिशेने जाणारी ही वाट पुरेशी चोखाळलेली नाही. मराठीत पणजोबांच्या वडिलांना खापरपणजोबा म्हणतात. भाषेने ज्या शब्दाने पूर्वज ओळखला, ते खापरच इतिहासकाराने बाजूस सारावे हे चमत्कारिक आहे.

ही घडण कोणाच्या हातची होती, हाही प्रश्न याला जोडून येतो. पारंपरिक कुंभारकामात चाक बहुधा पुरुषाच्या हाती असते, तर माती तयार करणे, हाताने घडवणे, घोटणे व रंगवणे यांत स्त्रियांचा मोठा वाटा असतो. हे वर्तमान चित्र जसेच्या तसे तीन हजार वर्षे मागे नेणे धोक्याचे आहे. पण चाकावरची भांडी व हातघडणीची भांडी एकाच घरात नांदत असताना दोन्ही एकाच हातांनी केली असे गृहीत धरणेही तितकेच निराधार होय.

दफनकुंभ

इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची आहेत. घराच्या जमिनीतच खड्डा खणून, दोन राखाडी जाडेभरडे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले जात आणि त्यांच्या पोटात बालकाचा देह असे. सोबत बऱ्याचदा रंगीत जोर्वे भांडी, एखादे तोटीचे पात्र व वाडगा ठेवलेला आढळतो. प्रौढांना सामान्यतः खड्ड्यात उताणे पुरत व त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. याला अपवाद म्हणून कच्च्या मातीच्या, चार पायांच्या मोठ्या पात्रात बसत्या स्थितीत पुरलेला एक पुरुष मिळाला असून त्याचे पाय शाबूत आहेत.

मुलाच्या दफनातील भांड्यांची वाटणी विचार करण्याजोगी आहे. वाढण्याचे भांडे बाजूला ठेवलेले, जणू पुढच्या जेवणासाठी. देह सामावून घेण्याचे काम मात्र चुलीवरच्या भांड्याच्या जातीच्या मातीकडे. ढवळीकरांसह अनेकांनी कुंभ व गर्भ यांच्या साम्याकडे निर्देश केला आहे, आणि घटस्थापना किंवा संक्रांतीचे सुगड आठवणाऱ्या मराठी वाचकाला ते सहज पटते. त्याला एक साधी पुस्ती जोडता येईल. ज्या जातीच्या भांड्यात मुलाचे अन्न शिजत असे, त्याच जातीच्या भांड्यात त्याला ठेवले गेले.

या कुंभांनी नकळत आणखी एक काम केले. त्यांनी कोवळी हाडे जपली. एरवी दख्खनच्या जमिनीत अर्भकांचे सांगाडे टिकणे दुरापास्त होते. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांचा इनामगावच्या सांगाड्यांवरील ग्रंथ १९८६ मध्ये आला. नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील मुलांच्या सांगाड्यांवर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उत्तर-जोर्वे काळात, म्हणजे इ. स. पू. १००० नंतर, इनामगावच्या मुलांच्या शारीरिक वाढीवर ताण वाढल्याची चिन्हे त्यातून पुढे आली. याच काळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या व भांड्यांवरील रंगकाम ओसरले. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी व शेतीच्या ऱ्हासाशी लावला, तर नंतरच्या संशोधनाने हवामान व उपजीविका यांचे नाते इतके सरळ नसल्याचे दाखवले. वाद हवामानाचा असला तरी त्याचा पुरावा मडक्यात आहे. वाढ खुंटलेले मूल आणि त्याच्या घरची हंडी ही दोन्ही एकाच घराच्या जमिनीतून निघाली आहेत. हाडावरून भुकेची तीव्रता कळते, हंडीवरून त्या घरात काय शिजेनासे झाले ते कळू शकते. स्निग्धांश घटला का, दुधाच्या खुणा उरल्या का, मांस पाळीव पशूंचे की शिकारीचे, हे प्रश्न पूर्व-जोर्वे व उत्तर-जोर्वे हंड्यांची तुलना करूनच सुटण्याजोगे आहेत.

यासाठी उत्खननाच्या अंगणातील एक जुनी रीत बदलावी लागेल. खापरे आली की ती पाण्यात बुडवून ब्रशने घासली जातात, वाळवली जातात आणि मग काठ, तळ व नक्षीचे तुकडे वेगळे काढून उरलेले साधे अंगाचे तुकडे मोजून टाकून दिले जातात. वर्गीकरणासाठी ही रीत सोयीची आहे. पण काजळी, करपलेला थर व पिष्टकण त्या पाण्याबरोबर वाहून जातात आणि स्निग्धांश ज्यात मुरलेला असतो ते भांड्याचे अंग ढिगाऱ्यात जाते. प्रत्येक घरातील चुलीजवळची काही जाडी खापरे न धुता, हाताचा स्पर्श टाळून, सभोवतालच्या मातीच्या नमुन्यासह बाजूला ठेवणे एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. त्याला फार मोठ्या निधीची गरज नाही. जुन्या उत्खननांची जी खापरे भांडारांत आहेत, त्यांतील जाड्याभरड्या भांड्यांची काजळीच्या दृष्टीने नोंदवही करणे हे तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे.

दफनकुंभांबाबत हीच पाहणी विशेष मोलाची ठरेल. कुंभाच्या बाहेरच्या अंगावर काजळी असेल, तर त्या कुटुंबाने चुलीवरचे भांडे उतरवून मुलासाठी दिले. नसेल, तर ते मुद्दाम नवे घडवून आणले आणि मूल जाणे ही कुंभारालाही कळवावयाची, त्यासाठी थांबावयाची घटना होती. हा प्रश्न सरासरी काढून सुटणारा नाही. एकेका कुंभाला तो वेगळा विचारावा लागेल, आणि त्यासाठी तो कुंभ उजेडात फिरवून पाहण्यापलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही.